खंडेरावांची हाळी

विंचूरपासून तासाभराच्या चालीवर, माळाच्या कडेला धनगरांची सात-आठ घरं आहेत. त्यांतल्या शेवटच्या घरात खंडेराव राहतात. पुढे पत्र्याच्या दोन खोल्या, मागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं मोठं वाडगं, आणि त्या वाडग्यात साठ-सत्तर मेंढरं आणि दहा-बारा शेळ्या. येणारा माणूस म्हणतो, घराच्या मागे वाडगं आहे. खंडेरावांना विचाराल तर ते म्हणतील, वाडग्याच्या पुढे घर आहे. आणि मानायचं तर त्यांचंच मानावं लागेल, कारण पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की ताडपत्री आधी कोकरांच्या छपरावर पडते, उरली तर माणसांच्या.

खंडेराव साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे, आणि माणसांशी बोलायला महाकंजूष. सोयरिकीच्या बैठकीत बसवलं तर चार तासांत चार शब्द बोलतील, त्यातले दोन ‘चहा नको’. पण कळपासमोर त्यांचं तोंड मोकळं सुटायचं. लंगडीची चौकशी, गाभणीची समजूत, एखाद्या आगाऊ बोकडाची खरडपट्टी, सगळं साग्रसंगीत. वस्तीवरचे लोक म्हणत, खंडूआबाशी बोलायचं असेल तर चार पायांवर जावं.

आणि त्यांची हाळी. हाळी म्हणजे कळपाला घातलेली साद. प्रत्येक घराची निराळी, बापाकडून पोराकडे आलेली. खंडेरावांच्या घरात तीन हाळ्या होत्या. सकाळी कळप बाहेर काढायची पहिली: ‘हूऽऽर्र’ असा लांब, चढत जाणारा सूर आणि शेवटी तुटक ‘चल, चल, चल’. दुपारी पाण्यावर न्यायची दुसरी, खालच्या पट्टीतली, ‘तिरीऽऽ तिरीऽऽ’. दिवस कलला की घराकडे वळवायची तिसरी, ‘येऽऽ हो, येऽऽ हो’. हाळी पडली की पुढची शेळी मान वर करायची, ती निघाली की मेंढरं तिच्यामागे. मेंढराला अक्कल शेळीची उसनी घ्यावी लागते, असं खंडेराव म्हणत, पण मायेने म्हणत. ते स्वतः कायम कळपाच्या पुढे चालत. मागून काठीने हाकलायचा प्रकार त्यांना अजिबात पसंत नव्हता.

“मागनं रेटाया ती काय बंद पडलेली जीप हाय?” असं त्यांचं म्हणणं.

हाळीच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. जी वेळ, तीच हाळी. सतरा वर्षांचे असताना पाहुण्यांच्या पोरांना गंमत दाखवायला म्हणून त्यांनी एकदा कोरड्याठाक नाल्यात पाण्याची हाळी दिली होती. कळप धावत आला, वाळूला नाक लावून उभा राहिला, आणि मग सगळ्यांनी माना वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बापाने तिथल्या तिथे थोबाडीत दिली. ती थोबाडीत खंडेराव केव्हाच विसरले. पुढचे आठ दिवस कळप पाण्याच्या हाळीला जागचा हलला नाही, ते मात्र विसरले नाहीत. तेव्हापासून कानाला खडा.

कळप खंडेरावांचा, पण पिल्लं तानुबाईंची. तानुबाई त्यांच्या बायको. जुळ्यातलं कमजोर कोकरू, आईने अंगावर न घेतलेलं करडू, पावसात भिजून थरथरणारं कुणी, असं सगळं लटांबर घरात चुलीपाशी झोपायचं. मुलगा लखन लहान असताना त्याच अंथरुणात वाढला. आता तो विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातो, पण घरी आला की हातपाय धुवायच्या आधी वाडग्यात डोकावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मात्र त्याच्या गळ्यात हाळी नाही. त्याने तोंड उघडलं की शेळ्या माना वळवून त्याच्याकडे अशा बघत की त्याला स्वतःलाच शरम वाटे.

तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून मोहिनी नाशिक रोडची, वडील एका सोसायटीत वॉचमन. जातीने धनगराचीच पोर, पण मेंढी तिने जवळून पाहिली ती लग्नानंतर. पहिल्याच आठवड्यात एका करडाने तिच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेची झेरॉक्स खाल्ली. मोहिनी ढसाढसा रडली. पुढच्या आठवड्यात त्या करडाची आई साप चावून मेली, तेव्हा मोहिनीच त्याला बाटलीने दूध पाजायला लागली. करडू मादी होतं. मोहिनीने तिचं नाव ठेवलं पदवी. ती पदवी मोठी होऊन आज कळपाच्या पुढे गळ्यात घंटा वाजवत चालते, आणि मोहिनी दिसली की अजूनही तिच्या ओढणीचं टोक चघळते.

तर अशा या घरात होळीनंतर खंडेरावांचा घसा बसला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, तानुबाईंनी विडीच्या बंडलांवरून त्यांचा उद्धार केला तोही झाला. आषाढ आला तरी आवाज सुटेना. हाळी फाटून यायला लागली, तरी कळप ऐकत होता. शेवटी लखनने त्यांना नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समोर बसवून नीट सांगितलं. गाठ स्वरयंत्रात आहे, वेळेवर सापडली आहे, माणूस वाचेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल.

खंडेरावांनी एकच शब्द विचारला. “हाळी?”

डॉक्टरांना कळेना. लखनने समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “नाही काका. ती नाही देता येणार.”

“अन् शिट्टी?”

“शिट्टीही नाही. यापुढे श्वास नाकातोंडातून नाही जाणार. गळ्याला एक छिद्र असेल, तिथून जाईल. बोलण्यासाठी एक यंत्र मिळतं, ते गळ्याला लावून माणसांशी बोलता येतं.”

माणसांशी बोलायची खंडेरावांना कधीच फारशी हौस नव्हती. ते उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मरणाची भीती त्यांना वाटली नाही असं नाही, पण त्या वेळी डोळ्यांसमोर आलं ते वाडग्याचं दार, आणि दाराशी मान वर करून उभा असलेला कळप.

घरी आल्यावर त्यांनी लखनला जवळ बोलावलं. फाटक्या आवाजात, थांबत थांबत, आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. “मी दसऱ्याच्या आत घरी येईल. तवर कळप कोनाच्या तरी हाळीला निघाया लागला, तर ठीक. नाय तर व्यापाऱ्याला बोलव अन् सगळी घालव. वाडग्यात कोंडून चारा टाकायचा, हे मला बघवनार नाय. मेंढरू चालाया जन्मलेलं हाय.”

कळप घालवणं म्हणजे व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवणं, आणि तो टेम्पो कुठे जातो ते सगळ्यांना माहीत होतं. तानुबाई आत गेल्या आणि एका कोकराला उगाचच दूध पाजत बसल्या.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी खंडेराव माळावरून कळप आणत होते. वाडग्याशी मोहिनी मोबाइल हातात धरून उभी होती. त्यांनी घराची हाळी दिली, तिने ती रेकॉर्ड केली. मग म्हणाली, “आबा, सकाळची पण द्या ना एकदा.”

“आत्ता? सांच्याला?”

“फक्त रेकॉर्डिंगसाठी.”

“पोरी, ती ऐकू राह्यलीत ना,” खंडेराव कळपाकडे बोट दाखवून म्हणाले. “सांच्याला सकाळची दिली तर ती खोटी व्हते.”

त्यांना वाटलं, सुनेला आठवण म्हणून आवाज ठेवायचा असेल, जसा लोक फोटो ठेवतात. मनातून त्यांना बरं वाटलं. मोहिनीचा बेत वेगळाच होता, पण तो सांगायचा म्हणजे ‘तुमचा आवाज परत येणार नाही’ हे तोंडावर सांगणं, म्हणून ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कळप उठायच्या आधीच, गाडी निघाली.

ऑपरेशन झालं. खंडेराव शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, गळ्याला पट्ट्या, आणि उशाशी तानुबाई. सिस्टरने एक पाटी-पेन्सिल दिली. चौथीनंतर पहिल्यांदाच खंडेरावांनी पाटी हातात धरली आणि पहिला शब्द लिहिला: मेंढरं. तानुबाईंना वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं असेल हे विचारायची त्यांना गरज पडली नाही. “खाऊन-पिऊन ठीक हायेत,” त्या म्हणाल्या.

ठीक कुठली असायला? चार दिवस लखनने रजा काढून कसाबसा चारा टाकला होता. पाचव्या दिवशी त्याची रजा संपली आणि मोहिनीने कळप बाहेर काढला. सकाळी दहाच्या सुमारास तानुबाईंच्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा घामाने डबडबलेला, आणि मागे वाडग्यात सगळा कळप आरामात बसून रवंथ करत होता.

“आई, परत आले सगळे!”

झालं होतं असं. मोहिनीने कमरेला एक छोटा स्पीकर बांधला होता. सवयीने पदवी बाहेर निघाली, मेंढरं तिच्या मागे. पुढे कुणाच्या तरी मक्याच्या वावराकडे सगळी वळायला लागली म्हणून मोहिनीने घाईने बटण दाबलं. स्पीकरमधून खंडेरावांची हाळी उमटली. सगळ्या माना एकदम वर झाल्या. मोहिनीला वाटलं, जिंकलं! आणि पुढच्या क्षणी अख्खा कळप गर्रकन वळला आणि दुडक्या चालीने थेट घरी आला. सकाळी नऊ वाजता. तिच्याकडे हाळी होती, पण ती संध्याकाळची होती.

खंडेराव हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गळ्याच्या छिद्रातून फसफस हवा. सिस्टर धावत आली. “काका, टाके तुटतील! कोणी हसवलं यांना?”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, कारण कळप वावरात शिरायला लागला की वळवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेजारचा काळू कुंपणावरून विचारायला लागला, “काय वहिनी, मेंढरं आजपन हाफ डे का?”

त्या तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा फोन आला, आणि या वेळी मोहिनी रडत होती. दुपारी तिने कळप शिळ्यापाक्या पाल्याच्या आमिषाने माळावर नेला होता. दिवस कलल्यावर तिने स्पीकर लावला. आता तर वेळही बरोबर होती आणि हाळीही. पण पदवीने एकदा स्पीकरकडे पाहिलं आणि खाली मान घालून चरायला लागली. मेंढरांनी तर मानाही वर केल्या नाहीत. शेवटी लखन, काळू आणि वस्तीवरच्या चौघांनी मिळून कळप मागून रेटत घरी आणला. त्या गोंधळात एक गाभण मेंढी तारेत अडकली आणि तिची मांडी फाटली. तिला टाके घालावे लागले.

या वेळी खंडेराव हसले नाहीत. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: खोटी हाळी. पुसलं. लिहिलं: बंद कर. पुसलं. कोरड्या नाल्यात जे त्यांनी एकदा केलं होतं, तेच त्यांचा आवाज आता तीन दिवस त्यांच्यामागे करत होता. मोहिनीवर त्यांना राग आला नाही. ती पोर बिचारी जीव तोडून करत होती. पण आता आपली हाळीही गेली आणि हाळीवरचा कळपाचा विश्वासही गेला, एवढं त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून लखन भल्या सकाळी परस्पर दवाखान्यात आला, तेव्हा त्यांनी पाटी त्याच्यापुढे धरली. एकच शब्द होता. लखनने वाचला आणि मान खाली घातली.

“काय लिव्हलंय?” तानुबाईंनी विचारलं.

“व्यापारी.”

तानुबाई उठल्या. पदर खोचला, मग काढला, मग डोक्यावरून घेतला. “लय शानपना झाला,” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. “लखन, मोहिनीला फोन लाव.”

फोन लागला. बारा खाटांचा वॉर्ड नुकता जागा होत होता. कुणी चूळ भरत होतं, कुणी चहाची वाट बघत होतं. तानुबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कारण घरातली रीत अशी होती की कळपाला हाळी बाप्यांनीच द्यायची. बायकांनी पिल्लांना बोलवावं, बाटली धरावी, पण हाळी नाही. चाळीस वर्षांत तानुबाईंनी ती रीत एकदाही मोडली नव्हती.

“मोहिनी, वाडग्याचं दार उघडू नको अजून. ऐक.”

आणि त्यांनी सकाळची हाळी दिली.

वॉर्डातले सगळे उठून बसले. दोन नंबरच्या खाटेवरचे मोतीराम, नामपूरचे, कानाची टोपी मागे सारून अहिराणीत म्हणाले, “हाई चांगलं शे!” सिस्टर धावत आली. “अहो आजी, हॉस्पिटल आहे हे!”

खंडेराव मात्र डोळे विस्फारून बायकोच्या पाठीकडे बघत होते. हाळी पुरी होती. चढण बरोबर, लांबी बरोबर. शेवटच्या तीन ‘चल’मधला तिसरा किंचित गिळायचा, ही त्यांच्या बापाची लकब होती. लखनला ती कितीदा सांगूनही जमली नव्हती. तानुबाईंनी ती तशीच गिळली होती. त्यांनी हाताने खूण केली: कधी शिकलीस?

“कधी म्हंजी?” तानुबाई वळून म्हणाल्या. “चाळीस वर्सं रोज सकाळी चुलीपाशी काय बहिरी बसले व्हते का मी?”

खंडेरावांच्या मनात आलं, चाळीस वर्षं आपण पाठ करून माळाकडे निघायचो, आणि मागे ही ऐकत असायची.

मग शिकवणी सुरू झाली. तानुबाई हाळी देत, फोनच्या पलीकडून मोहिनी तसं करून बघे, आणि खंडेराव खाटेवर बसून हाताने दुरुस्त्या करत. हात वर नेला की सूर चढव. तसाच धरला की लांबव. खाली मारला की तोड. पहिल्या खेपेला मोहिनीचा आवाज असा चिरकला की मोतीरामांनी कान झाकले.

“आबा म्हनू राह्यले, पोटातून काढ. गळ्यातून नको.”

“पोटातूनच काढतेय आई!”

“मग अजून खालून काढ.”

सिस्टरने शेवटी हात टेकले. “पाच मिनिटं. डॉक्टर यायच्या आत. आणि दार लावून घ्या.” दार लावायला तीच गेली आणि आतल्या बाजूला उभी राहून ऐकत राहिली.

आठव्या-नवव्या वेळी मोहिनीचा सूर चढला आणि चढून टिकला. खंडेरावांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी मान हलवली.

“आता दार उघड,” तानुबाई म्हणाल्या. “पुढं व्हय. मागं बघू नको. अन् घाल.”

मोहिनीने फोन कमरेला खोचला असावा, कारण पडद्यावर अंधार झाला. नुसते आवाज येत होते. दाराची कडी. मग हाळी, खंडेरावांचीच, पण बाईच्या गळ्यातली, नवी कोरी. मग काहीच नाही. वॉर्डात कुणी चहाचा घोट घेईना. आणि मग घंटा वाजली. एकदा, दोनदा, मग चालीत. बाटलीने वाढवलेल्या पदवीने, बहुधा आवाज कुणाचा हे ओळखून, पाऊल उचललं होतं. तिच्यामागे खुरांचा पाऊस पडल्यासारखा आवाज झाला आणि तो लांब लांब जात राहिला. खंडेरावांनी डोळ्यांवर पंचा धरला. तानुबाई म्हणाल्या, “आता का रडू राह्यले? चहा घ्या.” नळीतून घ्यायचा चहा, पण म्हणायची पद्धत.

रोज सकाळी अशी शिकवणी झाली. सकाळची बसली, मग पाण्याची, मग घराची. घराच्या हाळीला सगळ्यात वेळ लागला, कारण ती नासली होती. मोहिनी रोज संध्याकाळी हाळी द्यायची, कुणी हलायचं नाही, मग ती पदवीच्या गळ्यात हात टाकून तिला हळूहळू घरी आणायची आणि बाकीचे रेंगाळत यायचे. पण तिने एकदाही भलत्या वेळी हाळी दिली नाही. हळूहळू कळपाचा राग निवळला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी खंडेराव घरी आले. जीप वस्तीशी थांबली, ते उतरले आणि थबकले. एरवी वळणावरच वास यायचा. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा. आज काहीच आलं नाही. नाकातून श्वासच जात नाही तर वास कुठून येणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि स्वतःच्या दारात उभं राहून कळणं वेगळं. त्यांनी चुलीपाशी बसलेलं एक कोकरू उचलून तोंडाशी धरलं. गरम होतं, मऊ होतं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. त्यांनी ते खाली ठेवलं.

संध्याकाळी लांबून मोहिनीची हाळी ऐकू आली, ‘येऽऽ हो’. खंडेराव वाडग्याशी जाऊन उभे राहिले. गळ्यावर धुळीसाठी पातळ फडकं बांधलेलं. पदवी पुढे आली, त्यांचं धोतर हुंगलं आणि दवाखान्याच्या वासाने फटकन शिंकली. मग एक म्हातारी मेंढी जवळ आली, तिने त्यांच्या गुडघ्याला डोकं घासलं, आणि बघता बघता सगळा कळप त्यांच्याभोवती गोळा झाला. कुणी धोतर ओढतंय, कुणी बोटं चाटतंय. “वळखलं बघा,” तानुबाई डोळे पुसत म्हणाल्या. खंडेराव मावळतीच्या उजेडात तसेच मेंढरांच्या गराड्यात उभे राहिले. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर लखनने विचारलं, “आबा, व्यापाऱ्याला काय सांगू? त्याचा दोनदा फोन येऊन गेला.”

खंडेरावांनी पाटीवर लिहिलं: उद्या बघू.

सकाळ झाली. ते नेहमीच्या जागी, वाडग्याच्या दाराशी उजव्या हाताला उभे राहिले. मोहिनीने कडी काढली, वीस पावलं पुढे गेली आणि हाळी दिली. सुरेख दिली. कळप दारातून बाहेर आला, खंडेरावांपाशी आला आणि थांबला.

मोहिनीने पुन्हा हाळी दिली. पदवी दोन पावलं पुढे गेली, मागे वळून खंडेरावांकडे पाहिलं आणि परत आली. तिसऱ्या हाळीला तर कुणी हललंच नाही. साठ-सत्तर माना वर झाल्या होत्या आणि सगळे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

खंडेरावांनी माळाकडे हात केला. कुणी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी न राहवून तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्यावरचं फडकं थरथरलं, पण आवाज निघाला नाही. कळप शांतपणे वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती. मालक समोर उभा आहे म्हणजे हाळी येणारच, एवढं त्याला ठाऊक होतं.

मोहिनी कावरीबावरी झाली. लखनने खिशातून मोबाइल बाहेर काढला. तानुबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

खंडेरावांना कळून चुकलं. दोष पोरीचा नव्हता, कळपाचाही नव्हता. आपण इथे उभे आहोत तोवर ही हलणार नाहीत. दिवसभर उपाशी थांबतील. खंडेरावांवर इतका जीव कुणी लावला नव्हता, आणि तोच जीव आता कळपाच्या पायात आला होता. त्यांना एकाच वेळी धन्यही वाटलं आणि काळीज तुटल्यासारखंही झालं.

त्यांनी लखनकडे बघून हाताने ठाम नकार दिला. व्यापारी नको. लखनने तो मोबाइल पुन्हा खिशात घातला.

मग ते वळले. मेंढरांच्या पाठींवरून हात फिरवत, वाट काढत, पुढच्यांकडून मागच्यांकडे गेले. तरण्या मेंढ्या ओलांडल्या, गाभणी ओलांडल्या, कोकरांच्या आया ओलांडल्या. अगदी शेवटी, जिथे ती टाके घातलेली मेंढी लंगडत उभी होती, तिच्याही मागे जाऊन थांबले. घोंगडी डोक्यावरून पुढे ओढून घेतली, तोंड झाकलं आणि मान खाली घातली.

मोहिनीच्या ते लक्षात आलं, आणि तिचा जीव धजेना. सासरा शेवटाला आणि सून पुढे, हे तिने कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं.

“बघत काय राह्यली, पोरी?” तानुबाई ओट्यावरून ओरडल्या. “घाल हाळी!”

मोहिनीने माळाकडे तोंड केलं, डोळे पुसले आणि पोटातून हाळी घातली. पदवीने इकडेतिकडे पाहिलं. मालक दिसेना. तिने पाऊल उचललं, घंटा वाजली. तिच्यामागे शेळ्या निघाल्या, शेळ्यांमागे मेंढरं, गर्दी सैल होत होत रांग लांबली. शेवटी टाके घातलेली मेंढी हलली, आणि तिच्यामागे, सुनेच्या हाळीला, खंडेराव निघाले.